अकरा राजवाड्यांतले कोणते चार?

प्रश्न : ताई, आमची लेक म्युनिकला नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच युरोपला निघतोय, चौदा दिवसांसाठी. पॅरिस, व्हिएन्ना, प्राग आणि शेवटी म्युनिक. लेकीनं हौसेनं राजवाड्यांची यादी पाठवली आहे : लूव्र, व्हर्साय, फाँतेनब्लो, शोनब्रुन, होफबुर्ग, बेल्व्हेडेर, प्रागचा किल्ला, म्युनिकचे रेसिडेन्झ आणि निम्फेनबुर्ग, शिवाय बाव्हेरियातले नॉयश्वानस्टाइन आणि लिंडरहोफ. मोजले तर अकरा भरले. माझं वय ५८, यांचं ६४. यांच्या उजव्या गुडघ्याला त्रास आहे. सपाटीवर चालतात, पण जिने नको म्हणतात. यांची काटोलला संत्र्याची बाग आहे, झाडांपुढे यांना दुसरं काही सुचत नाही. "दोन महाल झाले की मला सगळे सारखेच दिसतील," असं हे आत्ताच म्हणताहेत. लेकीचं मन मोडवत नाही. काय ठेवू आणि काय गाळू?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि ते त्यांनी निघण्याआधीच बोलून दाखवलं हे फार बरं झालं. आमच्याकडे ते बोलणं पाचव्या राजवाड्याच्या दारात झालं.

२०१४ मध्ये आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. नऊ दिवसांत सहा राजवाडे. पाचव्याच्या फाटकाशी आमचे हे एका बाकावर बसले आणि म्हणाले, "तू बघून ये, मी इथं ठीक आहे." हा माणूस रायगड पायी चढलेला आणि पायी उतरलेला. मी एकटी आत गेले, पण जीव बाहेर बाकाजवळच होता. नागपूरला परतल्यावर बहिणीला फोटो दाखवत होते, तर त्यात एक निळ्या रेशमी पडद्यांचा पलंग आला. "हा कुणाचा गं?" तिनं विचारलं. मला सांगता येईना, ह्यांनाही येईना. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली मी, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे गेले याचं एवढं वाटलं नाही. ज्या खोलीच्या उंबऱ्यात मी स्वतः उभी होते, ती खोली कुणाची हे माझ्याकडे उरलं नव्हतं, त्याचं फार वाईट वाटलं.

नंतर २०१८ आणि २०२३ मध्ये आम्ही आमच्या हिशेबानं गेलो. तेव्हापासूनचा माझा नेम सांगते : एका शहरात आतून एकच राजवाडा बघायचा, आणि तिथं कोणत्या एका गोष्टीसाठी जायचं हे घरूनच ठरवून निघायचं. बाकी जे दिसेल ते वरकड.

सगळे महाल सारखे दिसतात याला कारण आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्यानं १६८२ मध्ये आपला दरबार व्हर्सायला हलवला आणि त्यानंतर युरोपातल्या लहानमोठ्या प्रत्येक राजाला तसंच घर हवंसं वाटू लागलं. आपल्या वाड्यात चौक असतो, चौकाभोवती माणसं वावरतात, पायरीवर बसतात. तिथं खोल्या एका ओळीत असतात, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, सगळी दारं एका सरळ रेषेत. पहिली पहारेकऱ्यांची, पुढे वाट बघणाऱ्यांची, मग भेटीची, शेवटी राजाचं शयनगृह. कोण किती आत जाऊ शकतो त्यावर त्याची पत ठरायची. आणि बसण्याची सोय मुळात नाहीच. व्हर्सायला राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर बसण्याचा मान मोजक्या डचेसना होता, बाकीचे उभे. आज आपण त्याच ओळीतून, मान वर करून, संथ पावलांनी, दोन-दोन तास उभ्याउभ्या जातो. भरभर चालून पाय दुखत नाहीत इतके या रेंगाळण्यानं दुखतात. गुडघेवाल्यांना विचारा.

आता तुमची यादी.

पॅरिसचं व्हर्साय ठेवा, आणि ते तुमच्या यजमानांसाठी ठेवा. तिथं संत्र्यांसाठी बांधलेली एक स्वतंत्र इमारत आहे, ओरांजरी. आरसेमहाल ज्यानं बांधला त्याच आर्दुआँ-माँसारनं ती १६८४ ते १६८६ मध्ये उभारली. मधलं दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती जाडजूड, तोंड दक्षिणेला, खिडक्या दुहेरी. हिवाळ्यात हजाराहून जास्त झाडं आत नेऊन ठेवतात. संत्री, लिंबं, डाळिंबं, कण्हेर, ताडाच्या जातीची झाडं. थंडी सरली की ती सगळी बाहेर अंगणात मांडतात. बरीचशी संत्री कडू जातीची आहेत आणि त्यांतली काही दोनशे वर्षांपेक्षा जुनी आहेत.

यांना एक गोष्ट मात्र जवळून दाखवा : त्या झाडांच्या पेट्या. चौकोनी, लाकडी, कडांना लोखंडी पट्ट्या. या पेटीच्या बाजू उघडता येतात. बाजू उघडून माळी मुळं तपासतो, जुनी माती काढतो, नवी भरतो, पुन्हा बंद करतो. माझ्या दिराची कळमेश्वरला संत्र्याची बाग होती. झाडाला डिंक्या रोग लागला की ते बुंध्याशी उकिडवे बसून माती उकरत, मुळाची साल नखानं खरवडून बघत. व्हर्सायची ती पेटी बघताना मला दिरांचीच आठवण आली आणि डोळे भरून आले. ज्यानं जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं लावली, आंबिया बहाराच्या फुलोऱ्यासाठी झाडांना पाण्याचा ताण दिला, त्या माणसाला त्या पेटीपुढे अर्धा तास उभं राहू द्या. आपलं संत्रंही राजघराण्याच्या बागेतूनच आलं असं सांगतात, रघुजीराजे भोसल्यांनी ते औरंगाबादहून आणून लावलं. नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, पण फळ राहिलं.

ओरांजरी बघायला जिना उतरायची गरज नाही. दोन्ही अंगांना शंभर-शंभर पायऱ्यांचे जिने आहेत, तिकडे फिरकूच नका. राजवाड्याच्या दक्षिणेच्या बागेतून कठड्याशी गेलं की खाली सगळी झाडं ओळीनं मांडलेली दिसतात. झाडांशेजारच्या अंगणात जायची मुभा रोज नसते, असली तर जा. नसली, तर त्या पद्धतीच्या पेट्या तुम्हाला युरोपात इतर बागांतही भेटतील, तिथं हात लावून बघा.

आत गेल्यावर दरबाराच्या खोल्यांतून गर्दीबरोबर वाहत जा, कुठे अडून राहू नका, आणि वेळ आरसेमहालासाठी राखा. ७३ मीटर लांबीचं दालन, बागेकडे १७ खिडक्या, त्यांच्या समोर १७ कमानी, आणि कमानींत ३५७ आरसे. त्या काळी मोठा आरसा म्हणजे व्हेनिसची मक्तेदारी होती, ते काम आपणही करू शकतो हे फ्रान्सला जगाला दाखवायचं होतं. १८ जानेवारी १८७१ ला याच दालनात, फ्रान्सला हरवून, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. आणि २८ जून १९१९ ला त्याच दालनात जर्मनीला तहावर सही करावी लागली. व्हर्सायचा तह ही तारीख मी कितीदा फळ्यावर लिहिली असेन! जागा मुद्दाम निवडली होती हे मुलांना सांगायचे, पण खिडकीला पाठ लावून उभी राहिले तेव्हा ते मला स्वतःला कळलं. हरलेल्याला जिथं हिणवलं, तिथंच जिंकणाऱ्याला बोलावून सही करायला लावली. तिथं दहा मिनिटं थांबा.

व्हर्साय सोमवारी बंद असतं. लूव्र आणि फाँतेनब्लो मंगळवारी बंद असतात, त्यामुळे पॅरिसमधले सगळे पाहुणे मंगळवारी व्हर्सायला लोटतात. म्हणून बुधवार किंवा गुरुवार धरा, सकाळी नऊचं तिकीट आधीच काढा. साडेअकरापर्यंत महाल आटोपतो. मग जेवा. त्रियानाँचा, म्हणजे बागेतल्या छोट्या महालांचा, भाग दुपारी बारालाच उघडतो, तिथं बागेतल्या छोट्या गाडीनं जाता येतं, यांना चालवू नका. राणी मारी आंत्वानेतनं तिकडे स्वतःसाठी एक खेडं वसवलं होतं, तळं, शेताची घरं वगैरे. जमलं तर बघा, नाही तर झाडाखाली बसा. त्या दिवशी पॅरिसला परत येऊन दुसरं काहीही बघायचं नाही. लूव्रला जायचंच असेल तर चित्रांसाठी जा, दुसऱ्या दिवशी, दोन तास. फाँतेनब्लो गाळा. नेपोलियननं १८१४ मध्ये तिथं गादी सोडली, वाडा सुंदर आहे, मला मनापासून आवडतो, पण या खेपेला नको.

व्हिएन्नात शोनब्रुन. खोल्या १४४१, पण बघायच्या त्यातल्या थोड्याच. इथं जायचं ते एका पलंगासाठी. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ १८३० मध्ये याच वाड्यात जन्मला आणि २१ नोव्हेंबर १९१६ ला याच वाड्यात गेला. अडुसष्ट वर्षं राज्य केलं. ज्यावर तो गेला तो पलंग साधा लोखंडी आहे, आपल्या जुन्या वसतिगृहात असायचा तसा. सोनेरी भिंतींच्या खोल्या ओलांडून माणूस तिथं येतो आणि थबकतो. पहाटे चारच्या सुमारास उठून कामाला बसणारा राजा होता तो. तिकिटं कमी खोल्यांची आणि सगळ्या खोल्यांची अशी वेगवेगळी असतात. घेताना हे शयनगृह त्यात आहे ना, एवढं बघून घ्या. पुढे मोठा संगीतकार झालेला मोत्सार्ट सहा वर्षांचा असताना, १७६२ मध्ये, सम्राज्ञी मारिया तेरेसापुढे वाजवायला आला होता, तोही याच वाड्यात. बागेला तिकीट नाही. टेकडीवरची ग्लोरिएट नावाची कमानींची इमारत खालूनच छान दिसते, चढ यांना झेपणार नाही.

होफबुर्ग गाळा. तेच घराणं, तोच राजा, तीच राणी. एकाच कुटुंबाची दोन घरं लागोपाठ बघितली की दोन्ही पुसली जातात. बेल्व्हेडेरला मात्र जरूर जा, पण राजवाडा म्हणून नव्हे. क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र तिथं आहे. थेट त्या चित्रापुढे जा, समोर बसायला जागा मिळाली तर बसा, आणि बाहेर या. एका तासाचं काम.

प्रागचा किल्ला म्हणजे एक आख्खं गावच आहे, चर्च, गल्ल्या, चौक. सगळं बघायच्या फंदात पडू नका. जुन्या राजवाड्यातलं व्लादिस्लाव दालन बघा. एवढं मोठं की आत घोड्यांवरून झुंजी व्हायच्या, आणि घोडे वर आणायला वेगळा, सपाट पायऱ्यांचा जिना आहे. (तो जिना यांच्याही गुडघ्याला चालेल.) त्याला लागून असलेल्या कचेरीत ती खिडकी आहे जिच्यातून २३ मे १६१८ ला सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला बंडखोर सरदारांनी बाहेर फेकलं. खाली सुमारे वीस मीटर. तिघंही वाचले. पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. तुम्ही मे महिन्यातच तिथं असाल. खिडकीतून खाली वाकून बघा, अंगावर काटा येतो.

आणि म्युनिक. इथं तुमच्या लेकीला वाईट वाटेल असं बोलते आहे, तिला माझ्या वतीनं सांगा. नॉयश्वानस्टाइन आतून नको. गावातून वर अर्ध्या-पाऊण तासाचा चढ, घोडागाडी केली तरी ती फाटकाच्या बरीच खाली थांबते, आणि आतल्या फेरीत १६५ पायऱ्या चढायच्या नि १८१ उतरायच्या. फेरी अर्ध्या तासाची, ठरलेल्या मिनिटाला, घोळक्यानं. हा वाडा बांधणारा बाव्हेरियाचा लुडविग राजा १८८६ मध्ये वारला तेव्हा वाडा अपुराच होता, तो स्वतः तिथं सगळे मिळून १७२ दिवस राहिला. आणि तो वाडा खरा दिसतो तो बाहेरून, पायथ्याच्या कुरणातून, मागे डोंगर असताना. तिथं बसून डबा खा.

आत जायचं ते लिंडरहोफला. त्याच राजाचं छोटं घर, आणि त्याच्या हयातीत पुरं झालेलं हे एकच. म्युनिकहून रेल्वेनं ओबरआमरगाव, पुढे बस. खोल्या थोड्या, फेरी अर्ध्या तासाच्या आतली. जेवणघरातलं टेबल नीट बघा. ते कळ फिरवून जमिनीतून खालच्या मुदपाकखान्यात उतरायचं, खाली ताट वाढलं जायचं आणि टेबल पुन्हा वर यायचं. वाढप्याचंही तोंड दिसू नये म्हणून. एवढं मोठं राज्य, आणि माणूस एकटा जेवतो. आमचे हे त्या टेबलापाशी काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी हॉटेलवर लेकाला फोन लावून अर्धा तास बोलत बसले.

आपले रायगड, शिवनेरी, राजगड असे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेले ना, त्याच बैठकीत या लुडविगचे राजवाडेही गेले. लेकीला हे सांगा, तिला आवडेल.

रेसिडेन्झ पाऊस लागला तरच. निम्फेनबुर्गच्या बागेला तिकीट नाही, तिथं लेकीबरोबर संध्याकाळी फिरायला जा, आत जायचं कारण नाही.

म्हणजे आतून चार : व्हर्साय, शोनब्रुन, प्रागचं एक दालन, लिंडरहोफ. दोन राजवाड्यांमध्ये एक दिवस मोकळा. बूट नवे घेऊ नका, दोन महिने घातलेले न्या. मोठी पिशवी बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, पण खांद्यावरच्या छोट्या झोळीत दशम्या आणि पाण्याची बाटली मावते. ती बाहेर बागेतच काढा. आणि रोज रात्री झोपण्याआधी वहीत एकच ओळ लिहा, आज काय बघितलं त्याची. यांनाही लिहायला सांगा. आमच्या ह्यांच्या वहीत २०२३ ची एक ओळ अशी आहे : "संत्र्याच्या पेटीला कडी बाहेरून."

प्रश्न : राजवाड्यांत कानाला लावायचं बोलतं यंत्र देतात ते घ्यावं का? मागच्या वेळी ऐकता ऐकता काही बघणंच झालं नाही.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : घ्या, पण प्रत्येक खोलीत चालू करू नका. खोलीत शिरा, आधी एक मिनिट नुसतं बघा, काही विचारावंसं वाटलं तरच बटण दाबा. मी साधारण पाचातल्या दोन खोल्यांत ऐकते. आणि निघण्याआधी त्या एका राजाबद्दल नागपूरलाच थोडं वाचा, वाचनालयातून युरोपच्या इतिहासाचं एखादं शालेय पुस्तक आणलं तरी पुरतं. आपण अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, जातो तेव्हा गोंड राजांबद्दल, भोसल्यांबद्दल आधी कानावर काही पडलेलं असतं, म्हणून तिथली एखादी तलवार आपल्याशी बोलते.

प्रश्न : मी शेतकरी कुटुंबातला. मुलगा बर्लिनला शिकतो, त्याला भेटायला चाललो आहे. राजेरजवाड्यांचं मला काही अप्रूप नाही, पण मुलगा म्हणतो एक तरी राजवाडा बघा. एका दिवसात होईल असा कोणता?
— एक वाचक, हिंगणा, नागपूर

उत्तर : पोट्सडामचं सांसुसी. बर्लिनहून लोकल गाडीनं जाता येतं. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा, त्याचं हे उन्हाळ्यातलं घर, १७४५ ते १७४७ मध्ये बांधलेलं. एकमजली, मुख्य खोल्या मोजून दहा. नावाचा अर्थ 'बिनघोर'. समोरच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी द्राक्षांचे मळे, अंजिराची झाडं काचेच्या तावदानांमागे. सोमवारी बंद असतो, तेवढं सांभाळा.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून खास सांगते. वाड्याच्या बाजूला, मळ्यांच्या सर्वांत वरच्या सपाटीवर, जमिनीत बसवलेली एक साधी शिळा आहे, तीच या राजाची कबर. शेजारी त्याच्या लाडक्या कुत्र्यांच्या शिळा. मला माझ्या कुत्र्यांजवळ पुरा असं त्यानं लिहून ठेवलं होतं, पण १७८६ मध्ये तो गेल्यावर पुतण्यानं ऐकलं नाही, त्याला चर्चमध्ये बापाशेजारी ठेवलं. शेवटी १७ ऑगस्ट १९९१ ला, त्याच्या मृत्यूला बरोबर २०५ वर्षं झाली त्या दिवशी, त्याला इथं आणलं. या राजानं आपल्या राज्यात बटाट्याची लागवड व्हावी म्हणून हुकूम काढले होते. म्हणून लोक आजही येतात आणि त्या शिळेवर फुलांऐवजी बटाटे ठेवतात. कच्चे, मातीसकट, कुणी लहान, कुणी मोठे. मी गेले तेव्हा सात होते, एकाला कोंब फुटला होता. मुलाला म्हणावं, येताना बाजारातून एक बटाटा घे, आणि तो तुमच्या हातानं ठेवा.